कितीवरून बोलायलास?

"महिन्यातून एकदा गच्चीवर बसता, पुण्याहून आणलेली महागडी बिअर पिता आणि ट्रम्पपासून तैवानपर्यंत सगळ्यांचा निकाल लावता. त्यातून निघतं काय?"

परवा लग्नाच्या पंगतीत तुम्ही हे विचारलंत. तुमच्याआधी मेव्हण्याने विचारून झालंय, स्टाफरूममध्ये दर सोमवारी कुणीतरी विचारतंच, आणि खालच्या मजल्यावरच्या काकू भंगारवाल्यासमोर आमच्या रिकाम्या बाटल्या पाहून तोंडाने काही न बोलता विचारतात. पंगतीत मी आणखी एक जिलेबी घेतली आणि विषय टाळला. तुम्ही विचारलंत म्हणून आता सवडीने सांगतो.

आपल्याकडे "बसायचं का?" असं कुणी म्हटलं की त्याचा खुर्चीशी संबंध नसतो, हे तुम्हाला माहीत आहे. मीही तसा पुष्कळ बसलोय. परमिट रूमचा पिवळा दिवा, भिंतीवरच्या टीव्हीवर मॅच, खारे शेंगदाणे, आणि दुसऱ्या बाटलीनंतर कुणीतरी जुना हिशोब काढून रडणार किंवा भांडणार. बिअर शॉपीत आजही पहिला प्रश्न "स्ट्राँग का माईल्ड?" असाच येतो. चव कशी हवी, हे मला आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं.

ते विचारलं आमच्या पुणेकराने. हा मूळचा आमच्याच गल्लीतला, आता हिंजवडीत नोकरीला. पुण्यात 2009 साली डूलाली सुरू झालं, तिथे जागीच बनवलेली बिअर त्याने प्यायली आणि तेव्हापासून तो बिघडला, असं त्याची आई म्हणते. गावी येताना डिकीत थर्माकोलचं खोकं, खोक्यात बर्फ, बर्फात बाटल्या, आणि टेंभुर्णीला थांबून बर्फ बदलायचा. अडीचशे किलोमीटर आणि वरून सोलापूरचं ऊन. एवढं करून पोचतात सात-आठ बाटल्या. म्हणजे वाट्याला जेमतेम दोन. त्यातली एक कोळशासारखी काळी, एक इतकी कडू की पहिल्या घोटाला मला लहानपणचा काढा आठवला. कडू, महाग आणि मोजकी असल्यामुळे ही बिअर ढोसता येत नाही. तासभर एका ग्लासवर काढायचा म्हटलं की माणसाला बोलावं लागतं. आमच्या चर्चांचं मूळ एवढंच आहे, फार मोठं काही नाही.

आम्ही पाच जण. पुणेकर आणि मी झालो. मी ज्युनिअर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. पूर्व भागातला शेठ, चार-सहा लूमवर टॉवेल काढतो, घरात तेलुगू बोलतो, हिशोब मराठीत करतो आणि शिव्या तिन्ही-चारी भाषांत देतो. आप्पा, कृषी खात्यातून निवृत्त, घरची भाषा कानडी. ते पीत नाहीत, लिंबू सोडा घेतात आणि आमच्यापेक्षा जास्त बोलतात. आणि डॉक्टर, ज्यांची लॅब आहे. "बाई पण बसतात?" असाही एक पोटप्रश्न मला येतो. त्याचं उत्तर डॉक्टरांनी एकदा दिलं होतं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. परमिट मात्र आम्हा पिणाऱ्या चौघांनाही त्यांनीच काढायला लावलं. 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार आपल्याकडे परवाना मिळतो तो आरोग्य राखण्यासाठी. तो कागद पाहून डॉक्टर जितक्या हसल्या तितक्या त्या आमच्या कुठल्याच विनोदावर हसलेल्या नाहीत.

चखण्याला कडक भाकरीचे तुकडे आणि शेंगा चटणीवर दही. काळ्या बिअरबरोबर शेंगा चटणी, एकदा खाऊन पाहा.

आता 'निघतं काय' याकडे येतो. सुरुवातीला काहीच निघत नव्हतं. प्रत्येक जण व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळी वाचलेलं रात्री ओकत होता. "सगळे तरुण बाहेर चाललेत." "आजकाल कुणी कष्ट करत नाही." "चीन संपला." "चीनच जिंकणार." एका रात्री मी वैतागून म्हणालो, तुम्ही ज्या पेयाचा ग्लास हातात धरून हे बोलताय ना, त्याच पेयाने या बोलण्यावरचा इलाज शोधलाय.

गोष्ट अशी. डब्लिनच्या गिनीज कंपनीत 1899 साली विल्यम गॉसेट नावाचा तरुण रसायनतज्ज्ञ लागला. बार्लीचं कोणतं वाण चांगलं, कोणत्या हॉप्सने, म्हणजे कडवटपणा देणाऱ्या फुलांनी, बिअर बरी होते, हे त्याला ठरवायचं होतं. अडचण अशी की शेतं मोजकी, प्रयोग मोजके. तोवरचं संख्याशास्त्र शेकडो नमुने हातात असतील असं धरून चालायचं. याच्याकडे चार-पाच. एवढ्यावरून किती खात्रीने बोलता येईल, याचं गणित त्याने मांडलं आणि 1908 मध्ये छापलं. कंपनी नोकरांना स्वतःच्या नावाने छापू देत नव्हती म्हणून खाली सही 'स्टुडंट'. वर्षानुवर्षं मी फळ्यावर 'स्टुडंट्स टी' लिहितो आणि दर वर्षी एखाद्या पोराला तो विद्यार्थ्यांसाठीचा चहा वाटतो.

त्या गणिताचा मतलब सोपा आहे. नमुने भरपूर असतील तर 95 टक्के खात्रीसाठी अंदाजाचा पट्टा 1.96 पट ताणला की भागतं. पाचच असतील तर 2.78 पट ताणावा लागतो. दोनच असतील तर थेट 12.71 पट. म्हणजे दोघांना पाहून बोलायचं असेल तर जरूर बोला, पण हात एवढे पसरून बोला की त्यात काहीही मावेल. आणि नमुना एकच असेल तर सूत्र चालतच नाही, भागाकारात खाली शून्य येतं.

शेठला यातलं गणित नाही, पण नेमकं मर्म कळलं. पुढच्या वेळी पुणेकर म्हणाला, "आयटीवाले आता सगळे शेतीकडे वळायलेत." शेठने चटणीत बोट बुडवत विचारलं, "कितीवरून बोलायलास बे?" पुणेकर थोडा थांबला आणि म्हणाला, "दोघांवरून." त्यातला एक परत नोकरीला लागला होता, हे त्याने नंतर कबूल केलं. तेव्हापासून हा आमच्या गच्चीचा नियम. मत कुठलंही चालतं, पण विचारल्यावर आकडा सांगायचा. आणि 'नमुना' या शब्दाचा आपला जुना अर्थही आहेच. पाच नमुने समोरासमोर बसल्यावर सोयच झाली.

नियमाची मजा सगळ्यात जास्त आली ती भाकरीच्या भांडणात. माणूस शेती करायला लागला तो भाकरीसाठी की बिअरसाठी, असा वाद अभ्यासकांत 1953 पासून रंगलेला आहे. डॉक्टर बिअरच्या बाजूने. इस्राएलमधल्या राकेफेत गुहेत 13,000 वर्षांपूर्वीच्या दगडी उखळांत धान्य आंबवल्याच्या खुणा सापडल्या, तेव्हा शेतीचा पत्ता नव्हता, हे त्यांनी ठणकावून सांगितलं. शेठ म्हणाला, "कितीवरून?" डॉक्टर म्हणाल्या, "एका गुहेवरून." आम्ही इतके हसलो की काकूंनी खालून झाडूच्या दांड्याने छत ठोकलं. मग आप्पा पेटले. ज्वारी मुळात आफ्रिकेची. तिथे आजही तिची बिअर होते. इकडे आली, आपल्या काळ्या रानात रुजली, आणि आपण तिची भाकरी केली. ज्या मालदांडीचे आपण गोडवे गातो तिचं 35-1 हे निवड वाण आपल्या मोहोळचं, त्याची सगळी वंशावळ आप्पांना पाठ आहे. पुणेकराने लगेच मालदांडीची बिअर काढायचा धंदा डोक्यात मांडला. आप्पांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो धंदा तिथेच बुडाला.

हा झाला हसण्यावारीचा वाद. पाण्यावरचा तसा नव्हता. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं, ते आपल्याच जिल्ह्यातून, पंढरपूर-कुर्डुवाडीवरून. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या दारू कारखान्यांचं पाणी निम्म्याने कापायला लावलं. आप्पांनी ते काढलं आणि आमच्या ग्लासांकडे बोट दाखवलं. लिटरभर बिअरला चार-पाच लिटर पाणी, छोट्या कारखान्यात त्याहून जास्त. पुणेकर म्हणाला, आणि किलोभर साखरेला ऊस धरून दोन हजार लिटरच्या आसपास, त्याचं काय? आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने किती ते मोजा. आप्पांच्या भावाचा ऊस आहे. आवाज चढले. आप्पा लिंबू सोडा तसाच टाकून निघून गेले आणि दोन महिने आले नाहीत. तिसऱ्या महिन्यात आले ते वही घेऊन. भावाच्या शेतातल्या पाळ्या, मोटरीचे तास, ठिबक केल्यावरचा फरक, सगळं लिहून आणलेलं. "एकाच शेतावरून बोलायलोय," ते म्हणाले, "पण मोजून बोलायलोय." भाऊ अजून ऊसच लावतो. म्हणून 'निघालं काय' असं तुम्ही विचाराल तर एका वहीखेरीज काही निघालं नाही.

आता जे सांगतो ते पंगतीत सांगता आलं नसतं. 2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने आपल्या मालावर आधी 25 टक्के आणि महिनाअखेरीस एकूण 50 टक्के आयातशुल्क लावलं. सप्टेंबरातल्या बैठकीला विषय तोच असणार होता. मी आकडे काढून आणले होते. पुणेकराकडे जागतिक व्यापारावर एक लांबलचक पॉडकास्ट ऐकून झालेला होता. तो म्हणाला, थोडे दिवस त्रास होईल, मग दुसऱ्या बाजारपेठा सापडतील, अर्थव्यवस्था जुळवून घेते. शेठ गप्प होता. मग म्हणाला, "माल पडून राहील. सहा महिन्यांत लूम विकावे लागतील."

आणि माझ्या तोंडून सवयीने गेलं, "कितीवरून बोलायलास?"

शेठ म्हणाला, "एकावरून. माझ्यावरून."

त्याचा माल मुंबईच्या एका व्यापाऱ्यामार्फत अमेरिकेला जायचा, हे आम्हाला ठाऊक होतं. ठाऊक असूनही मी विचारलं होतं. कुणी काही बोललं नाही. वर्गात मी हजारदा सांगितलंय की एका नमुन्यावर सूत्र चालत नाही. त्या रात्री पहिल्यांदा ते वाक्य उलट्या बाजूने ऐकू आलं. डॉक्टरांनी शेठच्या ताटलीत भाकरी ठेवली. पुणेकराने पॉडकास्टचं नाव पुन्हा काढलं नाही. पुढचा तासभर आम्ही जगाबद्दल काहीच बोललो नाही, फक्त शेठचे गठ्ठे कुठे, व्यापाऱ्याकडे बाकी किती, कामगारांचा पगार कसा, एवढंच. डॉक्टरांच्या ओळखीच्या दोन रुग्णालयांना टॉवेल लागत होते. त्याने शेठचं नुकसान भरून निघालं, असं मी लिहिणार नाही, कारण ते खरं नाही. लूम मात्र अजून विकलेले नाहीत.

नियम आम्ही मोडला नाही. फक्त आता विचारण्याआधी कुणाला विचारतोय ते बघतो.

तुमचा प्रश्न मी गेल्या बैठकीत सगळ्यांसमोर मांडला. पुणेकर म्हणाला, त्यांना सांग पुण्यात एकाही मित्राशी मी असा तीन तास बोलत नाही. डॉक्टर म्हणाल्या, आंबटपणा मोजायचं पीएच हे मापसुद्धा 1909 साली कार्ल्सबर्ग बिअरवाल्यांच्या प्रयोगशाळेतच निघालं, निघायचं तेव्हा निघतं. हे मला जरा ओढूनताणून वाटलं.

आप्पांनी आधी बाटल्या पाण्याच्या टाकीमागे ठेवायला लावल्या, मग बोलले. सिद्धराम, म्हणजे आपले सिद्धरामेश्वर, इथे, सोन्नलगीत म्हणजे जुन्या सोलापुरात तळं खोदत होते, तेव्हा शरण संत अल्लमप्रभू आले आणि त्यांनी विचारलं, हे सगळं करून मिळवलंस काय? खोदणारी माणसं चिडून दगड मारायला धावली, अशी गोष्ट सांगतात. सिद्धराम मात्र त्यांच्याशी बोलत बसले आणि पुढे त्यांच्याबरोबर बसवकल्याणला, शरण जिथे चर्चेला बसत त्या अनुभवमंटपात गेले. "ते तळं खोदत होते, तरी त्यांना विचारलं," आप्पा म्हणाले. "आपण तर नुसतं बोलायलोय. आपल्याला विचारणारच की." एवढं बोलून त्यांनी बाटल्या परत आणायची परवानगी दिली.

शेठ शेवटी बोलला. "विचारणारे साहेब आपल्या किती बैठकींना आलेत?"

"एकाही नाही."

"मग शून्यावरून बोलायलेत की."

राग मानू नका, शेठ सगळ्यांशीच असं बोलतो. पुढची तारीख अजून ठरलेली नाही. चार-पाच दिवसांनी येणारं नळाचं पाणी सोडून कुणी गच्चीवर येऊ शकत नाही, म्हणून आधी पाच घरांच्या पाण्याचे दिवस एका कागदावर मांडावे लागतात. पुणेकर येत्या शनिवारचं म्हणतोय, पण त्या रात्री शेठकडे पाणी आहे. तुमच्याकडे कुठल्या दिवशी येतं तेवढं कळवा, म्हणजे सहा घरांचा कागद करतो.