पोर्टलवर पूर्ण, बाजारात अर्धवट

आमच्या ग्रामपंचायतीचा विकास आराखडा मी दर वर्षी डाउनलोड करून छापून घेते, हे कळल्यापासून गल्लीतल्या बायका मला ‘ऑडिटर’ म्हणतात. चिडवतात, पण घरपट्टीची मागणी जास्त आली की कागद घेऊन माझ्याच दारात येतात. माझं कामच हिशेबाचं आहे. आमच्या आणि आसपासच्या वाड्यांवरच्या बचत गटांची दप्तरं मी लिहिते. त्यामुळे पैसे खर्च होणं वेगळं आणि पैसे कामाला येणं वेगळं, हे रोज दिसतं. शेळ्यांसाठी काढलेलं कर्ज दिराच्या लग्नात गेलं, तरी हप्ते वेळेवर आले की बँकेच्या लेखी तो गट उत्तम. गोठ्यात शेळी आहे का, हे बघायला कोण येतं?

ग्रामपंचायतीच्या आराखड्याचंही थोडंफार असंच आहे. मला बघायचा असतो त्यातला पोटापाण्याचा भाग. आराखडा म्हणजे गटार, पेव्हर ब्लॉक आणि हायमास्ट असं आपण धरून चालतो. पण राज्यघटनेचं २४३-छ कलम पंचायतींना योजना करायला सांगतं ती ‘आर्थिक विकास आणि सामाजिक न्याय’ यांसाठी. सोबतच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. त्यात रस्ते-पाणी आहे, तसेच लघुउद्योग, ग्रामोद्योग, दारिद्र्य निर्मूलन आणि बाजार-जत्राही आहेत. म्हणजे गावात चार पैसे कसे फिरतील याचा विचार करणं हा पंचायतीचा अधिकृत धंदा आहे.

कागदावर तो विचार होतोही. ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने आपल्याकडे आराखडे सुरू झाले, आता शाश्वत विकासाच्या नऊ संकल्पना आल्या, आणि त्यातली पहिलीच गरिबीमुक्त व उपजीविका वाढवणाऱ्या गावाची. आमच्या आराखड्यात या मथळ्याखाली बाजारात ओटे, बचत गटांसाठी गाळे, शिलाई प्रशिक्षण, शेळीपालन मार्गदर्शन असं बरंच काही होतं. आधी मी हरखून गेले. मग भाऊसाहेबांनी (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, पण गाव भाऊसाहेबच म्हणतं) खरी गोष्ट सांगितली: “ताई, आराखड्यात विषय नसला तर पैसे काढता येत नाहीत. म्हणून सुचेल ते सगळं घालून ठेवायचं.” त्यामुळे जाडजूड आराखडा बघून गावाला फार स्वप्नं आहेत असं समजू नका. पुढेमागे निधी आला तर अडायला नको, एवढाच त्याचा अर्थ.

निधी येतो तोही बांधून येतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) पैशातला ६० टक्के भाग बंधित होता: अर्धा स्वच्छतेला, अर्धा पिण्याच्या पाण्याला. उरलेला ४० टक्के अबंधित, आणि त्यातून पगार किंवा आस्थापनेचा खर्च करायचा नव्हता. आता नळयोजनेच्या मोटारीचं वीजबिल, शिपाई आणि पाणी सोडणाऱ्याचा पगार, दिवाबत्ती या रोजच्या गोष्टींना बऱ्याच अंशी स्वतःचं उत्पन्न लागतं. म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, बाजाराचा लिलाव (बाजारकर वसुलीचा ठेका). त्यातूनही १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावे लागतात. एवढ्यावर जी पंचायत गावाचा व्यवसाय वाढवायला निघते, तिचा मला रागापेक्षा कळवळाच जास्त येतो. पण कळवळा आला म्हणून हिशेब सोडायचा नसतो.

तर ओटे. आमचा आठवडे बाजार मंगळवारचा. पूर्वी सगळे खालीच, पोत्यावर नाहीतर ताडपत्रीवर बसायचे. पावसात चिखल, उन्हात धूळ. ओटे झाले, वर पत्रा आला, कोपऱ्यात कामाचं नाव, निधी आणि अंदाजित रक्कम लिहिलेला फलक लागला. पंचायतींची कामं आणि खर्च नोंदवायच्या ‘ई-ग्रामस्वराज’ पोर्टलवर काम पूर्ण. सोबत रिकाम्या, स्वच्छ, ओळीत उभ्या ओट्यांचा फोटो, कुठल्यातरी बुधवारी सकाळी काढलेला असावा.

आणि मंगळवारी? निम्म्याहून जास्त बाया ओट्यांच्या पुढे, रस्त्याच्या कडेला, खालीच. ओट्यांवर कोणाची तरी बांधलेली करडं, मोबाईलमध्ये डोकं घातलेली पोरं आणि एक भांडीवाला. मेथी विकणाऱ्या मावशींना विचारलं तर म्हणाल्या, “गिऱ्हाईक येतंय ष्टँडवरनं. आत कोन कशाला येतंय? दारातच पिशवी भरती त्येची. आन् चार वाजता ऊन बघ कुटनं येतंय ते.” मी चारपर्यंत थांबले. पत्र्याची उघडी बाजू पश्चिमेला आहे. बाजार भरात येतो तेव्हा ऊन तिरकं होऊन सरळ ओट्यावर. मेथी तासाभरात मान टाकते. शिवाय ओटा कमरेइतका उंच, त्यावर चढायला पायरी नाही, आणि पालेभाज्या विकणाऱ्या बहुतेक जणी साठीच्या पुढच्या.

यात कोणी पैसे खाल्ले असं मी म्हणत नाही. सिमेंट बरं आहे, पत्रा गळत नाही. फक्त अंदाजपत्रक तयार करताना मंगळवारी दुपारी चार वाजता तिथे कोणी उभं राहिलं नव्हतं. पोर्टलला एवढंच कळतं की पैसे गेले आणि वस्तू उभी राहिली. तिच्यामुळे कोणाची विक्री वाढली का, हा रकानाच तिथे नाही.

म्हणून तो रकाना मी माझ्या वहीत आखला. आराखड्यातल्या प्रत्येक उपजीविकेच्या कामापुढे मी तीन गोष्टी लिहिते: काय ठरलं, काय भरलं गेलं आणि त्यातून परत काय येतंय. पहिल्या दोन गोष्टी पोर्टलवर घरबसल्या मिळतात. आर्थिक वर्ष आणि गाव निवडलं की आराखडाही दिसतो आणि खर्चाच्या नोंदीही. तिसरीसाठी पंचायतीच्या दप्तरात जावं लागतं. बाजाराचा लिलाव नव्या आर्थिक वर्षासाठी मार्चमध्ये होतो, त्याची रक्कम रोकडवहीत येते. लिलाव घेणारा माणूस हाडाचा हिशेबी असतो. बाजार वाढला असं त्याला वाटलं तर तो बोली वाढवतो, नाहीतर नाही. ओटे झाल्यानंतरच्या मार्चमध्ये बोली आदल्या वर्षाच्या आसपासच थांबली. माझ्या मते ओट्यांचं खरं मूल्यमापन त्या दिवशी झालं, आणि तेही फुकटात.

दुसरी जागा नमुना ८, म्हणजे कर आकारणीची नोंदवही. कोणी घराच्या पुढच्या खोलीत गिरणी टाकली, दुकान काढलं, तर उशिरा का होईना पण तिथे वापर बदलतो. नमुना ९ मध्ये मागणी आणि वसुली दिसते. गावात पैसा खेळतोय का हे मला वसुलीच्या आकड्यापेक्षा थकबाकी कोणाची आहे यावरून जास्त कळतं. डाळिंबाला तेल्या लागला त्या वर्षी नेहमी वेळेवर भरणारी घरं थकली होती. आणि काही मोठी घरं कायमच थकलेली असतात, त्याचा डाळिंबाशी संबंध नाही.

हे दप्तर बघायला मिळतं का, असं खूप जण विचारतात. आमच्याकडे तोंडी विचारल्यावर “साहेब आल्यावर या” असं उत्तर यायचं. मग माहिती अधिकाराचं जोडपत्र ‘अ’ भरून दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज दिला. भाऊसाहेब थोडे दुखावले. “ताई, मागितलं असतं तर दिलं नसतं का?” म्हणाले. मी हसले. अर्जाची पोच मात्र घेतली.

खरी जागा ग्रामसभा. तिथे दोन विषय नीट ऐकायचे, पहिला आणि शेवटचा. पहिला, मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. आमच्याकडे याला “वाचलं, मंजूर” म्हणून चहाच्या आत उरकतात. मी “वाचा” म्हणते. लोक वैतागतात, पण वाचताना कळतं की मागच्या वेळी बाजाराबद्दल जे बोलणं झालं ते लिहिलंच गेलेलं नाही. शेवटचा, अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. निम्मी माणसं उठून गेलेली असतात आणि नेमके महत्त्वाचे ठराव तिथे बसतात. गणपूर्ती, म्हणजे मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांतलं जे कमी ते, झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. हे ज्यांना माहीत असतं ते पहिल्या सभेला येतच नाहीत.

गाळ्यांचा प्रश्न मी असाच तिथे काढला. तीन गाळे ‘बचत गटांसाठी’ म्हणून अबंधित निधीतून झाले, पण लिलावाच्या अटीत अनामत एवढी ठेवली की एकाही गटाने बोली लावली नाही. आता एकात सिमेंटच्या गोण्या, एकात कोणाचं तरी मंडपाचं सामान, एक बंद. पोर्टलवर तिन्ही पूर्ण, उपजीविका या सदरात. मी विचारल्यावर सभेत थोडी कुजबुज झाली. सरपंचताई मात्र मुद्द्याचं बोलल्या: “वहिनी, अनामत कमी केली आणि उद्या भाडं थकलं, तर गावातल्याच बाईच्या दारात वसुलीला जायचं कोणी? मी?” त्यांचं म्हणणं बरोबर होतं. जुन्या गाळ्यांची थकबाकी त्यांनाच निस्तरावी लागते आहे.

माझ्याकडे उत्तर होतं, कारण दप्तर माझ्याकडे आहे. ज्या गटाला गाळा हवा आहे त्याची कर्जफेड मी वर्षानुवर्षं लिहिते आहे, एकही हप्ता पुढे गेलेला नाही. त्या पानांच्या झेरॉक्स मी पुढच्या सभेला नेल्या आणि सांगितलं, ग्रामसंघ (गावातल्या बचत गटांचा संघ) हमी देईल, अनामत हप्त्यांनी घ्या. एक आजोबा मागून म्हणाले, “बाया बँकेचं बुडवत न्हाईत, पंचायतीचं काय बुडवतील? बुडवायला आमी हाय की.” सभा हसली आणि ठराव झाला. एका गाळ्यापुरता.

गटाने शटर उघडलं, शेवया, पापड, शेंगदाण्याची चटणी मांडली. मंगळवारी विक्री होते, इतर दिवशी जेमतेम. चटणी कुटायचं यंत्र घ्यायचं ठरलं तेव्हा लक्षात आलं की गाळ्याला वीजमीटरच नाही. अंदाजपत्रकात वायरिंग होतं, बटणं होती, वरती पंख्याचा हुकही आहे, जोडणी तेवढी धरलेली नव्हती. सध्या शेजारच्या सलूनमधून वायर ओढली आहे आणि सलूनवाला बिलावरून कुरकुरतोय. मीटरचा खर्च स्वनिधीतून, म्हणजे पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून करावा लागेल, असं भाऊसाहेब म्हणतात. विषय ऐनवेळी घेऊ म्हणाले. मी म्हटलं, ऐनवेळी नको, अजेंड्यावरच घ्या, आणि तसा अर्ज देऊन पोच घेतली आहे.