निळ्या बुचाची बाटली

आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासायला दिलं होतं. रिपोर्ट मोबाइलवर आला तेव्हा ती उखळात शेंगाचटणी कुटत बसली होती. साखर बरी, हिमोग्लोबिन बरं. प्लेटलेट काउंटसमोर मात्र ठळक ०.४६ आणि शेजारी खाली तोंड केलेला बाण.

"किती म्हणतंय?"

"शेहेचाळीस हजार."

"मग लई झाले की!" म्हणून तिनं पुन्हा मुसळ उचललं.

हा आकडा घनमिलिमीटरचा. म्हणजे खसखशीच्या दाण्याएवढ्या रक्तात दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असायला लागतात. एका दाण्यात सबंध सोलापूर मावत नसलं तरी दोन-चार पेठा सहज मावतील. त्या हिशोबात शेहेचाळीस हजार म्हणजे निम्म्याहून जास्त गल्ली गावाला गेलेली.

आमच्या गल्लीला हा हिशोब नवा नाही. नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे घरोघरी पिंपं आणि हौद. डेंग्यूच्या डासाला असंच साठवलेलं स्वच्छ पाणी आवडतं, आणि तो चावतोही दिवसाढवळ्या. पावसाळा सरता सरता दोन-चार जण तापानं आडवे होतातच. डेंग्यूत प्लेटलेट घटतात, मग मार्केट यार्डात कांद्याचा दर विचारावा तसं सुरू होतं : आज किती हजार? साठ. काल? ऐंशी. अरे बापरे! सगळे त्यांना 'पांढऱ्या पेशी' म्हणतात. खरं तर त्या पांढऱ्याही नव्हेत आणि धड पेशीही नव्हेत. अस्थिमज्जेतल्या एका दांडग्या पेशीचे ते तुकडे. आत केंद्रक नाही, आयुष्य जेमतेम आठ-दहा दिवसांचं. रक्तवाहिनीला कुठं भोक पडलं की आधी धावतात ते हेच, एकमेकांना चिकटून बूच मारायला.

आईला ताप नव्हता. काहीच नव्हतं. पण बातमी फुटली. शेजारच्या काकू पपईची पानं घेऊन दारात हजर. "अक्का, रस काढून घ्या, कडू लागतंय पण उतारा आहे." धाकटा भाऊ किवी घेऊन आला, एकेक नग मोजून. पुण्याच्या चुलतभावानं तर कपाटातला आपला जुना रिपोर्ट काढला आणि घाबरून फोन केला, "माझे तर फक्त २१० आहेत रे!" त्याच्या लॅबनं हजारात लिहिलेलं, आमच्या लॅबनं लाखात. त्याचे दोन लाख दहा हजार होते, हे त्याला पटवेपर्यंत माझा अर्धा तास गेला.

डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला आणि आधी आईच्या नडग्या बघितल्या. मग हिरड्या. "मावशी, दात घासताना रक्त येतं? कुठं न आदळता काळंनिळं पडतं?" आई म्हणाली, "मला काय धाड भरलीय!" डॉक्टर हसले. "मग ऑपरेशन पुढं ढकलायच्या आधी स्लाइड बघू या."

लॅबमधल्या पोरानं मला सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं. गुलाबी तांबड्या पेशींच्या गर्दीत जांभळे पुंजके, हातमागाखाली साचणाऱ्या कापसाच्या पिंजरीसारखे. "हे बघा, इथं आहेत तुमच्या आईच्या प्लेटलेट," तो म्हणाला.

झालं होतं असं. जांभळ्या बुचाच्या बाटलीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए नावाचं रसायन असतं. हजारात एखाद्याचं रक्त असं असतं की त्या रसायनाच्या संगतीत प्लेटलेट एकमेकांना बिलगतात. शरीरात नाही, फक्त बाटलीत. मशीन बिचारं बारीक भोकातून एकेक कण जाताना विजेचा झटका मोजतं आणि आकारावरून ओळखतं. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानाच्या दारात कुणी माणसं मोजायला उभं राहावं, आणि हात धरून आलेलं दहा जणांचं खटलं बघून 'हे माणूस नव्हे, काहीतरी मोठं आहे' म्हणून सोडून द्यावं, तसलं ते मोजणं.

मग निळ्या बुचाची बाटली आली. तिच्यात ईडीटीएऐवजी सायट्रेटचं पातळ औषध, एक भाग औषधाला नऊ भाग रक्त. त्यामुळे रक्त थोडं पातळ होतं, म्हणून आलेल्या आकड्याला १.१ नं गुणायचं. पोरानं माझ्यासमोरच गुणलं : १,६०,००० चे १,७६,०००. आई तीच, हात तोच. बदललं फक्त बूच.

डॉक्टरांना मी डेंग्यूचंही विचारून घेतलं. ते म्हणाले, नुसत्या पेशी बघून घाबरू नका आणि नुसत्या पेशी बघून निवांतही बसू नका. ताप उतरतो त्याच सुमारास खरं जपायचं असतं. पोटात जोरात दुखणं, सारखी उलटी, कुठूनही रक्त, अंगात अवसान नसणं, यातलं काही दिसलं की आकड्याची वाट न बघता दवाखाना गाठायचा. रक्तस्राव नसेल तर बाहेरून प्लेटलेट चढवायची वेळ सहसा आकडा दहा हजारांच्या खाली गेल्यावर येते. गल्लीत मात्र साठ हजाराला पिशवी शोधायला माणसं पळत असतात.

ऑपरेशन ठरल्या तारखेलाच झालं. आईला आता सुईत दोरा ओवता येतो. डॉक्टरांनी लिहून दिलेली 'रक्त निळ्या बुचात घ्यावे' ही चिठ्ठी तिनं लाइटबिलाच्या पिशवीत जपून ठेवली आहे. परवा साखर बघायला घरी आलेल्या मुलाला तिनं उंबऱ्यातच अडवलं. "निळी आणलीस का?" तो म्हणाला, "आजी, साखरेला राखाडी लागते." ती त्याच्याकडं संशयानं बघत बसली, आणि मग माझ्याकडं वळून म्हणाली, "तू बघ रे, कोणतं बूच काढतोय ते."