कार्डावर नाकाला रकाना नाही

बुधवार म्हणजे आमच्याकडे कुष्ठरोगाच्या जुन्या रुग्णांचा वार. एमसीआर (मऊ, सच्छिद्र रबराच्या) चपलांची मापं घ्यायची, तळपायाच्या जखमांभोवतीचे घट्टे खरवडायचे, पट्ट्या बदलायच्या. त्यातच दुपार होते. ऑगस्टातल्या त्या बुधवारी बाकावर एक आजी बसली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी होती. वय साठीच्या पुढचं, नाकाचा मधला भाग बसलेला, भुवया गेलेल्या, दोन्ही हातांची बोटं वळलेली. तरुणपणी आधी नुसत्या डीडीएसच्या (डॅप्सोनच्या) गोळ्या आणि पुढे एमडीटी, म्हणजे अनेक औषधांचा एकत्र उपचार, घेऊन ती बरी झाली, त्यालाही तीस वर्षं उलटून गेलेली. म्हणजे अंगात रोगाचा जंतू नाही. राहिलं होतं ते त्याने केलेलं नुकसान.

सोबत आलेला नातू हळूच म्हणाला, "ताई, बुढीजवळ बसवत नाई. घरभर वास येते. तिले म्हणलं तर म्हणते, मले तं काईच येत नाई."

आजीची तक्रार वेगळीच होती. आठ दिवसांपासून सर्दी, कपाळ जड, नाक चोंदलेलं. दुसऱ्या एका दवाखान्यात डोकेदुखीच्या गोळ्या आणि नाक मोकळं करणारे थेंब मिळाले होते. पदराच्या टोकाला लालसर पाण्याचे डाग दिसले, तेव्हा चपलांची रांग थांबवून आधी तिचं नाक पाहायला घेतलं.

कपाळावर दिवा लावून चिमट्याने नाकपुडी रुंद केली. आत हिरवट-काळ्या खपल्यांचा थर होता. नाकपुड्यांमधला पडदा अर्ध्याहून जास्त गेलेला, त्यामुळे दोन खोल्यांची मिळून एकच मोठी खोली झालेली. उजव्या बाजूची खपली चिमट्याने सैल केली आणि तिच्यामागचा पांढुरका भाग हलला. अळ्या होत्या. तांदळाच्या दाण्यापासून ते बोटाच्या पेराच्या निम्म्यापर्यंत लांबीच्या, अंगावर कडी कडी असलेल्या, डोकं आत खुपसून बसलेल्या. प्रकाश पडला की त्या आणखी आत सरकतात, म्हणून दिवा सारखा रोखून ठेवायचा नसतो. आजी शांत बसून होती. "दुखत नाई ना ताई. काय निघालं?"

नाकात अळ्या पडलेला माणूस एरवी वळवळीनेच हैराण होतो, पहिल्याच दिवशी धावत येतो. इथे नाकातली संवेदनाच गेलेली, त्यामुळे वळवळ कळली नाही. वास गेलेला, त्यामुळे दुर्गंधी कळली नाही. दोन्ही राखणदार नसलेल्या घरात माशी शिरली होती.

काम क्रमानेच करावं लागतं. आधी तोंड उघडून टाळू पाहिली, भोक नव्हतं. डोळे पाहिले, पापण्यांना सूज नव्हती, दोन्ही डोळ्यांनी बोटं नीट मोजली. अळ्या डोळ्याच्या खोबणीकडे किंवा वर मेंदूच्या आवरणाकडे सरकल्या तर जीवावर बेतू शकतं, त्यामुळे या दोन तपासण्यांवर दोन मिनिटं घालवायलाच हवीत. रक्तातली साखर तपासली. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. मग आजीला बसवून पुढे झुकवलं, तोंडाने श्वास घ्यायला सांगितलं आणि टर्पेंटाइनमध्ये भिजवून घट्ट पिळलेली गॉजची पट्टी नाकपुडीच्या तोंडाशी ठेवली. पिळायचं विसरलं तर तेल घशात उतरतं, ठसका लागतो आणि ते फुफ्फुसात जाण्याची भीती असते. वाफेने गुदमरून अळ्या बाहेरच्या बाजूला येतात, पाच-सात मिनिटं पुरतात. त्याहून जास्त वेळ ठेवलं तर नाकाचा आतला थर भाजतो, आणि अशा रुग्णाला तेही कळत नाही. म्हणून वेळ घड्याळ लावून मोजायची. रुग्णाच्या "काई होत नाई" या उत्तरावर जायचं नाही.

पट्टी काढून चिमट्याने एकेक अळी अंगाच्या मध्यावर धरून ओढली. टोकाला धरून हिसका दिला तर ती तुटते आणि उरलेला तुकडा आत सडतो. मग २० मिलीच्या सिरिंजने कोमट सलाइन सोडून नाक धुतलं. पहिल्या दिवशी ४१ निघाल्या, दुसऱ्या दिवशी १७, तिसऱ्या दिवशी ३, चौथ्या आणि पाचव्या दिवशी एकही नाही. मोजणं महत्त्वाचं असतं, कारण आकडा रोज उतरत नसेल तर सायनसमध्ये साठा आहे असं समजून कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे दुर्बिणीच्या तपासणीसाठी पाठवावं लागतं. जोडीला डॉक्टरांनी वजनाप्रमाणे आयव्हरमेक्टिन (जंत-अळ्यांवरचं औषध) आणि प्रतिजैविक दिलं.

ही माशी एका वेळी दीड-दोनशे अंडी घालते. ती दिवसभरात फुटतात आणि अळ्या पाच ते सात दिवस मांस खात वाढतात. आठ दिवसांच्या "सर्दी"चा हिशेब असा जुळतो. ती येते सडक्या वासाच्या मागावर, बहुतेक दुपारच्या झोपेत. म्हणून अशा प्रत्येक रुग्णाला आम्ही दिवसाही मच्छरदाणीत झोपायला सांगतो.

आता नाकाची ही दशा का होते ते. कुष्ठरोगाच्या जंतूला शरीराचे गार भाग मानवतात: कानाच्या पाळ्या, हातपायांची त्वचा, नाक. श्वासाच्या हवेने नाकाचा पुढचा भाग सतत गार राहतो. जंतू भरपूर असलेल्या प्रकारात आतला थर लवकरच सुजतो. नाक चोंदतं, घोळणा फुटतो, कधी कधी अंगावर काही दिसण्याआधीच. उपचार न घेतलेल्या अशा रुग्णाच्या नाकातून दिवसाला कोटीपर्यंत जिवंत जंतू बाहेर पडू शकतात. तरुण माणसाचा घोळणा महिनोन्‌महिने फुटत असेल तर कानाच्या पाळ्या जाड झाल्यात का हे चाचपून पाहायला फार वेळ लागत नाही. ते पाहायचं राहून गेलेले रुग्ण अजून येतात, याचं फार वाईट वाटतं.

रोग वाढला की पडद्याची कूर्चा (मऊ हाड) विरते, नाक बसतं. ओलावा देणारा थर सुकून जातो, खपल्या साचतात आणि त्यांत दुसरे जंतू वाढून दुर्गंधी येते. पोकळी एवढी रुंद असूनही रुग्ण म्हणतो, नाक चोंदलंय. कारण हवेचा स्पर्श कळवणारी नसच बधिर झालेली असते. या शब्दावर विश्वास ठेवून नाक मोकळं करणारे थेंब दिले जातात आणि आधीच सुकलेला थर आणखी सुकतो. आजीचं नेमकं तेच झालं होतं.

वास ओळखणारा भाग नाकाच्या छताशी, जेमतेम काही चौरस सेंटीमीटरचा. खपल्यांमुळे तिथवर हवा पोचत नसेल तर नाक साफ केल्यावर वास थोडाफार परत येऊ शकतो. तो थरच गेला असेल तर सहसा येत नाही. म्हणून तपासणी साफसफाईनंतर करायची, आधी नाही. आजीची आम्ही तीन आठवड्यांनी केली.

त्यासाठी महागडं काही लागत नाही. एकसारख्या पाच डब्या: कॉफीची पूड, हिंग, भाजलेलं जिरं, अंगाचा साबण, आणि पाचवी रिकामी. डोळे मिटवायचे, एक नाकपुडी बोटाने बंद करायची, डबी नाकाजवळ दोन श्वास धरायची, मध्ये अर्धं मिनिट थांबायचं. दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे: वास येतो का, आणि कशाचा. रिकाम्या डबीलाही "येते" म्हणणारा रुग्ण तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोलतोय हे समजायचं. आजीसारख्या मोठ्या भोकाच्या पडद्यात नाकपुड्या वेगळ्या तपासण्याला फारसा अर्थ उरत नाही, हवा आतून दोन्हीकडे जाते. तरी नोंद वेगळीच ठेवली. बाम, कापूर, ओवा, अमोनिया मात्र वापरायचा नाही. त्यांची झणझण वासाच्या नसेची नसते, चेहऱ्याला स्पर्श कळवणाऱ्या नसेची असते. बामाने डोळ्यांत पाणी आलं म्हणून "वास शाबूत" अशी नोंद केलेली मी पाहिली आहे. उलट, ज्याला बामही झोंबत नाही त्याच्या नाकाची संवेदनाही गेली आहे, आणि त्याच्यासाठी मच्छरदाणी औषधाइतकीच गरजेची.

आजीला डावीकडून काहीच आलं नाही. उजवीकडे हिंगाला ती थांबली, पुन्हा हुंगलं. "काईतरी हाये. नाव नाई सांगता येत." कॉफी, जिरं, साबण आणि रिकामी डबी तिला सारख्याच होत्या.

आमच्या रुग्णांच्या कार्डावर डोळे, हात, पाय यांच्या अपंगत्वाची श्रेणी असते: ०, १ किंवा २. दोन डोळे, दोन हात, दोन पाय, सगळे मिळून जास्तीत जास्त १२. नाकाला रकाना नाही. नाक अपंगत्वात धरलेलंच नाही, म्हणून ते तपासलंही जात नाही. पण हातापायांना वेदना कळत नसलेल्या माणसाला धोक्याची खबर देणारं उरलेलं इंद्रिय म्हणजे नाकच. तव्यावर करपणारी भाकरी, पेटलेला पदर, पट्टीखाली चिघळलेली टाच, हे सगळं आधी नाकाला कळतं. आजीच्या डाव्या तळहातावर जुना भाजल्याचा वण आहे. चुलीजवळ फडकं जळत होतं आणि हात त्यावर होता. तिला ते कळलं धूर डोळ्यांत गेल्यावर.

त्यामुळे घरच्यांना दिलेल्या सूचना आम्ही एकेक करून त्यांच्याकडून वदवून घेतल्या. सकाळ-संध्याकाळ नाक धुणं: अर्धा लिटर उकळून कोमट केलेलं पाणी, त्यात सपाट पाऊण चहाचा चमचा मीठ. ओंजळीत घेऊन हलकं आत ओढायचं आणि बाहेर सोडायचं, पाच-सहा वेळा. पाणी किती गरम आहे ते सुनेने पाहायचं, आजीच्या हाताला चटका कळणार नाही. दवाखान्यात आम्ही खाण्याचा सोडा एक भाग, टाकणखार एक भाग आणि मीठ दोन भाग अशी पूड चमचाभर २८० मिली पाण्यात वापरतो. पण टाकणखार पोटात जायला नको, घरी नुसतं मीठच बरं. धुतल्यावर ग्लिसरीनमधल्या २५ टक्के ग्लुकोजचे थेंब. ग्लिसरीन ओलावा ओढून धरतं आणि ग्लुकोजमुळे दुर्गंधी करणारे जंतू माजत नाहीत. खपली नखाने काढायची नाही, बधिर बोटाला किती जोर लागतोय ते कळत नाही.

घरी नुकताच गॅस आला होता. सिलिंडरच्या गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून मरकॅप्टन हे उग्र वासाचं रसायन मिसळतात. आजीच्या दृष्टीने तो मिसळलाच नाही असं धरायचं. म्हणून स्वयंपाक झाला की रेग्युलेटर बंद करायचा, आणि तो सुनेने, कारण वळलेल्या बोटांनी तो पुरता फिरत नाही. आठवड्यातून एकदा नळीच्या जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहायचे. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. गळती दिसली तर बटण न दाबता दारं उघडायची आणि बाहेर जाऊन १९०६ला फोन करायचा.

टाचेची पट्टी रोज दुसऱ्याने पाहायची: ओल, डागाचा रंग, सूज, हाताला लागणारी ऊब. आणि वासही, पण तो सुनेच्या नाकाने.

तिसऱ्या महिन्यात आजी आली तेव्हा खपल्या पातळ होत्या, दुर्गंधी गेलेली. बाकावर नातू तिला चिकटून बसला होता. डब्या पुन्हा काढल्या. डावीकडे काही नाही. उजवीकडे हिंगाचं नाव तिने या वेळी घेतलं, जिऱ्याला "भाजल्यासारखं काईतरी" म्हणाली. कार्डाच्या समासात पेनाने लिहिलं: नाक उजवं ४ पैकी २, डावं ०, पडद्याला भोक, बाम झोंबत नाही.