नारळ केवढ्याला पडतो

1 जुलैला उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमधला, म्हणजे एनएचएलमधला, खेळाडूंचा बाजार उघडतो. तिकडे दुपारचे बारा वाजले की आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ. करार संपलेले खेळाडू त्या मिनिटापासून कुठल्याही संघाशी सही करायला मोकळे होतात आणि पहिल्या दोन-तीन तासांतच बहुतेक चांगला माल उचलला जातो. 2025 मधला तो मंगळवार होता. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसात सर, मी, गडहिंग्लजचा एक नवीन मुलगा आणि नेटवर्क बघणारा असे मोजकेच लोक होतो. बाकीच्यांना पावसामुळं सरांनी लवकर घरी पाठवलं होतं.

माझं काम पाहुण्यांना सांगायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "हॉकी म्हणजे आपली ध्यानचंदांची?" नाही, बर्फावरची. व्हिडिओ पुढं-मागं करत सामन्यातली प्रत्येक घटना आम्ही नोंदवतो. पक, म्हणजे चेंडूऐवजी असते ती रबरी चकती, कुणाकडं आला, ब्लू लाइन, म्हणजे समोरच्यांची हद्द सुरू होते ती निळी रेघ, कशी ओलांडली, काठीवर ठेवून नेला की नुसता पुढं भिरकावला, अंगावर माणूस होता की नव्हता. खेळाडू बर्फावर जेमतेम पाऊण मिनिट असतो, मग तो बाहेर आणि दुसरा आत. त्यामुळं एका सामन्यात डोळ्यांचं पार भरीत होतं.

एवढं बारीक कशाला मोजायचं, असं नवीन मुलं विचारतात तेव्हा मी त्यांना एरिक टल्स्कींचं सांगते. माणूस रसायनशास्त्रातला डॉक्टरेट, नॅनोतंत्रज्ञानात नोकरी करणारा, आणि हॉकीवर फावल्या वेळात लिहायचा. 2013 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मांडलं की पक काठीवर ठेवून ब्लू लाइन ओलांडली तर पुढं मिळणारे फटके भिरकावून आत शिरण्यापेक्षा दुपटीहून जास्त असतात. त्याआधी कित्येक प्रशिक्षक 'भिरकाव आणि पळ' हेच शहाणपण समजत होते. 2024 च्या जूनमध्ये हेच टल्स्की कॅरोलिना संघाचे जनरल मॅनेजर झाले. गडहिंग्लजच्या मुलानं हे ऐकून एवढंच विचारलं होतं, "मॅडम, म्हणजे आपलंपण प्रमोशन होतंय की काय?"

तर आमचं गिऱ्हाईक. नाव करारामुळं सांगता येत नाही. व्यावसायिक संघ, हंगाम वाईट गेलेला, प्रेक्षक चिडलेले, मालक त्याहून चिडलेले. अशा संघाला वाटतं, खालून नंबर आला म्हणजे ड्राफ्टमध्ये, नवीन पोरं संघांत वाटली जातात तिथं, पहिला पोरगा आपलाच. तसं नसतं. तिथं सोडत असते. 2025 मध्येच सॅन होजे सगळ्यांत खाली होता, पहिल्या क्रमांकाची सोडत मात्र न्यूयॉर्क आयलँडर्सना लागली, आणि त्यांची शक्यता होती फक्त 3.5 टक्के. उलटीही गोष्ट आहे. कोलोरॅडोनं 2016-17 मध्ये 82 सामन्यांत 48 गुण मिळवले, म्हणजे लाजच काढली, आणि वर सोडतीत घसरून चौथ्या क्रमांकावर गेले. त्या चौथ्या क्रमांकावर त्यांनी केल मकार नावाचा डिफेन्समन, म्हणजे बचावपटू, घेतला. 2022 मध्ये स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, त्यांच्याकडं आणि अंतिम फेऱ्यांतल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान मकारकडं. पण त्याला पाच वर्षं लागली, आणि चिडलेला मालक पाच वर्षं थांबत नाही.

माझे एक चुलते पेठेतल्या एका तालमीच्या फुटबॉल संघाचं बरीच वर्षं बघायचे. शाहू स्टेडियमवरचा हंगाम संपला, पाऊस लागला की कट्ट्यावर पुढच्या वर्षाची जुळवाजुळव सुरू व्हायची. काका म्हणायचे, "हार कुणाच्या गळ्यात घालायचा हे कुणीबी सांगंल. नारळ कुणाला द्यायचा ते बोला आधी." हॉकीत हे काकांचं म्हणणं तंतोतंत लागू पडतं, फरक एवढाच की तिथं नारळ फुकट मिळत नाही. करार शिल्लक असलेला, सव्वीस किंवा त्याहून जास्त वयाचा खेळाडू काढायचा असेल तर उरलेल्या पगाराचे दोन तृतीयांश द्यावे लागतात, आणि ते उरलेल्या वर्षांच्या दुप्पट वर्षांत विभागले जातात. शिवाय तो आकडा संघाच्या पगारमर्यादेत, म्हणजे सगळ्या खेळाडूंच्या पगारावर मिळून घातलेल्या वरच्या मर्यादेत, धरला जातो. मिनेसोटानं 2012 मध्ये झॅक पॅरिसे आणि रायन सूटर यांना प्रत्येकी 13 वर्षांचे, 9 कोटी 80 लाख डॉलरचे करार दिले. 2021 मध्ये दोघांनाही एकाच दिवशी नारळ दिला. त्यानंतर 2023-24 आणि 2024-25 या दोन हंगामांत, संघात नसलेल्या या दोघांपायी, दर वर्षी जवळपास 1 कोटी 47 लाख डॉलर मर्यादेतून वजा होत राहिले. तेव्हा मर्यादा होती आधी 8 कोटी 35 लाख, मग 8 कोटी 80 लाख. म्हणजे सहावा हिस्सा गेला.

आमच्या गिऱ्हाइकाकडंही असा एक जुना, महागडा डिफेन्समन होता, दोन वर्षं शिल्लक. जूनभर त्यांचं चाललं होतं, काढू की ठेवू. काढला तर चार वर्षं ओझं. शेवटी ठेवला. मला ते पटलं. पण ठेवला म्हणजे त्याच्या जोडीला दुसरा हवा, जो त्याचे गुडघे दुखायला लागले की पक आपल्या हद्दीतून बाहेर काढू शकेल. हे काम आमच्याकडं आलं होतं. बाजारात येऊ शकणाऱ्या डिफेन्समनची यादी, प्रत्येकाच्या क्लिपा, आणि खाली दोन-चार ओळींत आमचं मत. मत द्यायचं हे त्यांनीच सांगितलं होतं. एरवी आम्हाला कोण विचारतं.

यादीत वरचं नाव मोठं होतं. तिशी ओलांडलेला, अंगानं दांडगा, धडक दिली की काच हादरावी असा. त्यांच्या मुख्य प्रशिक्षकाला तोच हवा होता. खाली खाली एक पंचविशीतला होता. त्याच्या संघानं 30 जूनच्या आत त्याला रीतसर पुढची ऑफर द्यायला हवी होती, ती दिली नाही, म्हणून तो मोकळा झाला. असं करतात, कारण ऑफर दिली आणि खेळाडू लवादाकडं गेला तर लवाद पगार वाढवून ठेवू शकतो. त्यापेक्षा सोडून दिलेला बरा. पण बाजारात त्याचा अर्थ एकच लावला जातो, 'घरच्यांनीच टाकला, काहीतरी असणार.' त्यात त्याचा प्लस-मायनस चांगलाच वजा. म्हणजे तो बर्फावर असताना संघानं खाल्लेले गोल केलेल्या गोलांपेक्षा बरेच जास्त.

मी त्या मुलाचे सामने दोनदा बघितले होते. पहिल्यांदा नोंदीसाठी, दुसऱ्यांदा शंका आली म्हणून. वजाबाकी नक्की कुठून आली ते शोधत गेले. त्या वर्षी या लीगमधले गोली, म्हणजे गोलरक्षक, सरासरीनं शंभरातले नव्वद फटके अडवत होते. हा मुलगा बर्फावर असताना मागचा गोली त्याहून खूपच कमी अडवत होता, आणि तोच गोली बाकीच्यांच्या मागं मात्र ठीक होता. हे फटके कुठून आले तेही पाहिलं. बरेचसे लांबून, कडेनं. गोलीला घाम फुटावा असे फटके नव्हते ते. गोलीचं नशीब वाईट आणि खापर या पोराच्या डोक्यावर, एवढा सरळ हिशोब होता. अशी तफावत सहसा एका हंगामापुरती असते, पुढं ती आपोआप सरासरीकडं सरकते.

बरोबर साडेनऊला मोबाइल वाजायला लागले. त्या वर्षी मर्यादा 8 कोटी 80 लाखांवरून 9 कोटी 55 लाख डॉलर झाली होती, त्यामुळं सगळ्यांच्याच खिशात पैसा. आणि मोठे खेळाडू मात्र आधीच आपापल्या संघांनी बांधून ठेवलेले. सगळ्यांत गाजलेलं नाव, मिच मार्नर, ते तर बाजार उघडण्याआधीच टोरोंटोहून व्हेगासला गेलं, 8 वर्षं, वर्षाला 1 कोटी 20 लाख. मार्केट यार्डात आवक घटली की गुळाच्या सौद्यात दर कसा चढतो, तसं मग मधल्या फळीतल्या माणसांचं झालं. आमचा काच हादरवणारा दांडगा पहिल्या अर्ध्या तासातच गेला. गिऱ्हाइकानं मनात धरलेल्या वर्षांपेक्षा एक वर्ष जास्त देऊन दुसऱ्या संघानं त्याला नेला.

सर एवढंच म्हणाले, "वाचले."

मलाही तसंच वाटत होतं, पण तिकडं वातावरण सुतकी होतं. अकराच्या सुमारास त्यांच्या विश्लेषकाचा कॉल आला. पडद्यावर तो, त्याचा सहाय्यक, आणि कोपऱ्यात हाताची घडी घालून बसलेले एक सहप्रशिक्षक. त्यांचा प्रश्न सरळ होता. यादीत खाली असलेल्या या मुलाबद्दल तुम्ही एवढं चांगलं का लिहिलंय? हा तर धडक देत नाही.

मी बोलत बसले नाही, क्लिप लावली. पक त्याच्या मागच्या कोपऱ्यात पडलाय, समोरून विरोधी फॉरवर्ड सुसाट येतोय. हा पकाकडं पाठमोरा जाताना एकदा उजव्या खांद्यावरून मागं बघतो. दोन ढांगा टाकून परत डाव्या खांद्यावरून. म्हणजे पकापाशी पोचायच्या आधीच त्याला माहीत आहे की माणूस कुठल्या बाजूनं येतोय. मग काठी एका बाजूला झुकवतो, फॉरवर्ड त्या बाजूला वळतो, आणि हा पायातल्या स्केटची कड बदलून दुसऱ्या बाजूनं जाळ्यामागून बाहेर. मधल्या खेळाडूच्या काठीवर पास. सगळं मिळून तीन सेकंद. धडक कुणालाच बसली नाही, कारण धडकायला तो जागेवर नव्हताच.

मी अशा क्लिपा एकामागं एक लावत गेले. मुद्दाम दोन फसलेल्याही लावल्या. एकीत त्यानं मधून पास द्यायचा आगाऊपणा केला आणि गोल खाल्ला. ती बघून सहप्रशिक्षक पहिल्यांदा पुढं सरकून बसले. म्हणाले, ही चूक शिकवून जाते, खांद्यावरून बघणं शिकवून येत नाही. त्या माणसाबद्दल माझं मत तिथं बदललं. तोवर मला वाटत होतं की यांना फक्त हाडं मोडणारे लागतात.

मग त्यांनी विचारलं, तुम्ही स्वतः बर्फावर उभ्या राहिलाय का कधी? मी नाही म्हटलं. कोल्हापुरात बर्फ कुठला, तो बर्फगोळ्यावर. हे त्यांना सांगितलं नाही, पण गडहिंग्लजचा मुलगा माझ्या मागं खुसखुसायला लागला आणि सरांनी त्याला डोळे वटारले.

कॉल संपला. नंतरचा दीड-दोन तास काहीच नाही. बाहेर पावसानं रस्ता धुऊन काढला होता, नेटवर्कवाल्या पोरानं कुठून तरी अंडाभुर्जी आणि पाव आणले. सर सांगत होते की असे संघ आपलं ऐकतात आणि मग त्यांच्या मनात असेल तेच करतात, तेव्हा जीवाला लावून घेऊ नका. मी मान डोलावली आणि जीवाला लावून घेतच राहिले.

दीडच्या पुढं बातमी आली, ती गिऱ्हाइकाकडून नाही, मोबाइलवर सगळ्या जगाला आली तशीच. एका वर्षाचा करार, किमान पगाराच्या किंचित वर. त्या हंगामात किमान पगार होता 7 लाख 75 हजार डॉलर. पत्रकारांनी त्या सहीला अर्धी ओळ दिली. प्रेक्षकांनी खाली जे लिहिलं ते इथं देण्यासारखं नाही. मोठं नाव हुकलं आणि त्या बदल्यात हे काय उचलून आणलं, असा एकूण सूर. गडहिंग्लजचा मुलगा टेबलावर थाप मारून "जाग्यावर पलटी!" असं ओरडला.

सरांनी लगेच बजावलं, "आपल्या रिपोर्टामुळं घेतला असं कुणाला सांगत सुटू नका. त्यांच्याकडं दहा माणसं असं लिहीत असतील." बरोबर होतं. आजही मला कुणी सांगितलेलं नाही की त्या क्लिपांनी काही फरक पडला. कदाचित त्यांना तोवर दुसरं कुणी परवडतच नव्हतं, आणि पदरी पडलं ते पवित्र करून घेतलं.

काकांना दुसऱ्या दिवशी सांगितलं. खेळ त्यांना कळला नाही, कळवून घ्यायची इच्छाही नव्हती. पण मिनेसोटाचं ऐकल्यावर त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "काढल्यावरबी पैसं द्यायचं? आठ-आठ वर्षं?" मग बराच वेळ ते आपल्या तालमीतल्या एका जुन्या सेंटर फॉरवर्डबद्दल बोलत राहिले, ज्याला त्यांनी नारळ दिला होता आणि ज्यानं पुढच्याच वर्षी समोरच्या पेठेकडून खेळत त्यांच्यावर गोल मारला होता.

ऑक्टोबरमध्ये हंगाम सुरू झाला तेव्हा पोराला तिसऱ्या जोडीत जागा मिळाली, जोडीला तोच महागडा म्हातारा. त्यांचे सामने नोंदवायला सरांनी माझ्याकडं दिले आणि थोड्याच आठवड्यांत काढूनही घेतले. माझ्या नोंदींत पोराचा संशयास्पद पास असला की मी तो 'दबावाखाली' असं लिहीत होते म्हणे. "तू त्याच्या घरातली झालीस," सर म्हणाले. आता ते सामने एक नवीन मुलगी बघते. ती मूळची कागलची, तिला ना त्या क्लिपा माहीत, ना 1 जुलैची रात्र. पहिल्याच आठवड्यात तिनं त्याच्या मधल्या पासांपुढं तीन वेळा लाल खूण केली. मी उघडून बघितल्या. तिन्ही बरोबर होत्या.