पडलेल्या फणसाचा बाक

ठाण्यात पावसाळ्यात झाड पडलं की महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला फोन करायचा, एवढं सगळ्यांना माहीत असतं. माणसं येतात, फांद्या तोडतात, रस्ता मोकळा करून जातात. त्या लाकडाचं पुढे काय होतं, ते सहसा कोणी विचारत नाही. आमच्या चरईतल्या सोसायटीच्या आवारातला फणस मुळासकट आडवा झाला तेव्हा मी विचारलं, कारण माझं माहेर रत्नागिरीकडचं आणि फणसाचं लाकूड जळणात जाताना मला बघवत नाही. बागेत बसायला बाक हवाच होता. समितीचा कल सिमेंटच्या तयार बाकाकडे होता. उन्हाळ्यात त्यावर कोण बसणार, असं मी विचारल्यावर ठराव माझ्या बाजूने झाला.

शहरातली झाडं १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली येतात, म्हणून पडलेल्या झाडाचंही पालिकेला रीतसर कळवलं. फोटो, सोसायटीचा ठराव आणि लाकूड आवारातच वापरणार असल्याचं पत्र दिलं. झाडाच्या वयावरून मात्र आमच्यातच वाद रंगला. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड ‘हेरिटेज’ ठरतं आणि आमचा फणस इमारतीच्या आधीचा की नंतरचा, हे तळमजल्यावरच्या आजींनाही सांगता येईना. शेवटी पंचनामा झाला. ओंडका रस्त्यावरून न्यायचा तर वाहतूक परवान्याचा प्रश्न आला असता, म्हणून आवारातच चिरायचं ठरलं.

खरं काम सुरू झालं ते सुतारकाका आल्यावर. मूळचे चिपळूणकडचे, आता कळव्यात राहतात. ओंडक्यावरून हात फिरवून म्हणाले, “वहिनी, बाहेरचा पांढरा भाग काढून टाकायचा, त्याला कीड धरते. आतला पिवळा गाभा तेवढा आपला.” चेनसॉला लोखंडी चौकट लावून फळ्या पाडल्या. ओल्या फणसाच्या चिकाने साखळी अडायची, मग थांबून रॉकेलने पुसायची. ताजी चिरलेली फळी हळदीसारखी पिवळीधमक दिसते आणि उन्हावाऱ्यात हळूहळू तपकिरी होत जाते. या गाभ्याच्या रंगात बौद्ध भिक्खूंची वस्त्रं रंगवायची पद्धत होती, आणि मृदंगाचं खोडही फणसाचंच करतात. काकांना दुसरी गोष्ट माहीत होती, पहिली नव्हती.

त्यानंतरचा टप्पा वाट बघण्याचा, आणि लोकांचा धीर सुटतो तो इथेच. फळ्यांची टोकं रंगाने बंद केली, कारण लाकडातलं पाणी टोकांकडून सगळ्यात वेगाने उडतं आणि तिथेच चिरा पडतात. मग जिन्याखाली सावलीत, प्रत्येक दोन फळ्यांमध्ये पट्ट्या घालून थप्पी रचली. इंचभर जाडीला साधारण वर्ष, हा जुना हिशोब. ओलावा तिसाएक टक्क्यांच्या खाली उतरला की लाकूड आकसू लागतं, आणि गाभ्यापासून सालीकडे जेवढं आकसतं, त्याच्या साधारण दुप्पट ते वर्षवलयांच्या दिशेने आकसतं. फळी वाकते ती त्यामुळे. दर महिन्याच्या बैठकीत “बाक कधी?” हा प्रश्न येई. मी थप्पीकडे बोट दाखवे.

जोडणीला काकांनी एकही खिळा मारला नाही, फेविकॉलही नाही. त्यांचा गोंदावर राग आहे, तो मला जरा जास्तच वाटतो. पण पुढचं त्यांचं तर्कशास्त्र मला पटलं. पाय जाड, म्हणून आतून अजून ओलसर. आडव्या पट्ट्या पातळ, म्हणून पूर्ण वाळलेल्या. वाळलेल्या पट्टीची कूस, म्हणजे टोकाला कोरलेली जीभ, ओलसर पायाच्या खोबणीत ठोकून बसवली की पुढे पाय आकसतो आणि कूस घट्ट आवळतो. वरून बांबूच्या खुंट्या. पटाशी, वाकस, रंधा आणि गुण्या, एवढ्याच हत्यारांवर सांगाडा उभा राहिला. शाळेला सुट्टी होती, त्यामुळे ढलप्या गोळा करायला पोरांची रांग.

बसायच्या फळ्या गाभ्याची बाजू वर ठेवून बसवल्या. फळी वाळताना सालीच्या बाजूने खोलगट होते. ती बाजू वर आली तर पावसाचं पाणी साचतं. दोन फळ्यांत बोटभर फट ठेवली. पाय मातीत न पुरता कडप्प्याच्या तुकड्यांवर टेकवले, कारण लाकडाचं टोक जमिनीतली ओल शोषून घेतं. पायांच्या तळाला काजूच्या टरफलाचं तेल लावलं. कोकणात होड्यांना हेच लावतात, पण हातमोजे घालूनच, कारण कातडी भाजते. बाकी सगळीकडे जवसाचं तेल. ते पुसलेली फडकी बोळा करून ठेवायची नाहीत, सुटी पसरून वाळवायची. बोळ्यात उष्णता साठून ती आपोआप पेट घेऊ शकतात. वॉचमनला हे सांगितलं तर त्याला आधी चेष्टाच वाटली.

तेलाचा हात दरवर्षी पावसाआधी द्यायचा आहे आणि ते काम पाळीपाळीने वाटून घ्यायचं ठरलंय. उरलेल्या फळ्यांचे पाट करायचे की देवघर, यावर समितीत अजून एकमत नाही. मी पाटांच्या बाजूने आहे, देवघर एकाच्याच घरी जाईल.