आमच्या टीव्हीवरचं इडलीपात्र

ऑगस्ट 2023 मधली गोष्ट. शनिवारी दुपारी लेकाने आतून हाक मारली, "आई, इकडे ये ना, इडली कशी लावायची?" मला वाटलं, भूक लागली असेल. जाऊन बघते तर याच्या हातात कंट्रोलर आणि टीव्हीवर इडलीपात्र! ताटल्या एकीवर एक रचत होता आणि जमत नव्हतं. "अरे, खालच्या इडलीच्या बरोबर डोक्यावर वरची वाटी आली तर तिला फुगायला जागा कुठे? वाफही अडते. जरा फिरव ती ताटली," मी म्हटलं. त्याने फिरवली आणि जमलं. मग मी वरच्या कपाटातून आपलं इडलीपात्र काढलं. सासूबाईंनी साड्यांत गुंडाळून बॅगेत कोंबून दिलेलं, एका ताटलीची कड चेपलेली. अकरा वर्षं ते घरात होतं, पण पोराने पहिल्यांदा हातात घेऊन निरखलं ते त्या दिवशी.

तो गेम म्हणजे 'वेन्बा'. टोरोंटोच्याच एका छोट्या स्टुडिओने केलेला, म्हणजे कॅनडातल्या आमच्या मिसिसॉगाहून तासाभराच्या आतला. 1988 साली कॅनडात आलेलं एक तमिळ जोडपं, त्यांचा इथे वाढलेला मुलगा आणि आईच्या आईची फाटकी, डाग पडलेली पाककृतींची वही. पुसलेल्या ओळी अंदाजाने भरत स्वयंपाक करायचा, एवढाच खेळ. दीडेक तासात संपतो. मुलगा मोठा होतो, आईशी इंग्रजीत बोलू लागतो, तिचे डबे त्याला नकोसे होतात. मी सोफ्यावर बसून सगळं पाहिलं आणि शेवटी मला बोलवेना. लेकानेही त्या रात्री 'गुड नाइट' न म्हणता 'झोपतो गं' म्हटलं.

तोपर्यंत माझं गेमशी भांडणच होतं. डोळे जातील, अभ्यास बुडेल, तुमच्याकडे भारतात म्हणतात तेच सगळं मीही म्हणायचे. भारतीय पात्रं त्याने आधीही पाहिली होती. 'ओव्हरवॉच' या नेमबाजीच्या गेममधली सिमेट्रा हैदराबादची, 2016 पासून आहे, आणि ती त्याला फार आवडते. पण तिच्या घरात काय शिजतं, ती आईशी कुठल्या भाषेत भांडते, हे तो गेम सांगायला थांबत नाही. नाव आणि पोशाख आपला असणं वेगळं, घर आपलं असणं वेगळं. आपल्या मुलांना यातलं दुसरं हवं असतं, आणि ते मिळतं तेव्हा काय होतं हे मी त्या सोफ्यावर पाहिलंय.

म्हणून मी या धंद्याच्या बातम्या वाचू लागले. जानेवारी 2022 मध्ये मायक्रोसॉफ्टने 'ओव्हरवॉच'वाली अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड विकत घ्यायचं जाहीर केलं होतं, 6,870 कोटी डॉलरना. अमेरिकेचा व्यापार आयोग कोर्टात गेला, ब्रिटनच्या नियामकाने आधी नकार दिला, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये सौदा पुरा झाला. त्या सगळ्या काळात चर्चा कशाची? अ‍ॅक्टिव्हिजनचा युद्धाचा गेम 'कॉल ऑफ ड्यूटी' सोनीच्या प्लेस्टेशनवर राहील का, क्लाउडवरच्या, म्हणजे इंटरनेटवरून थेट चालणाऱ्या, खेळांचे हक्क कुणाकडे जातील. स्पर्धेचे प्रश्न महत्त्वाचेच. पण तिथे काम करणाऱ्या माणसांचं आणि उद्या तिथे कुठल्या गोष्टी जन्मतील याचं काय, हे ठामपणे विचारणारं त्या टेबलावर मला कुणी दिसलं नाही. सौद्यानंतर चार महिनेही झाले नव्हते, तर जानेवारी 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या गेम विभागातल्या 1,900 जणांना कमी करण्याचं जाहीर झालं.

एक रात्र माझ्या मनातून जात नाही. एप्रिल 2024, लंडनचे बाफ्टा गेम पुरस्कार, म्हणजे ब्रिटनमधले गेमचे मानाचे पुरस्कार. 'वेन्बा'ला पदार्पणाचा पुरस्कार मिळाला आणि आम्ही घरात ओरडलो. त्याच रात्री अ‍ॅनिमेशनचा पुरस्कार 'हाय-फाय रश'ला गेला, टोकियोच्या टँगो गेमवर्क्सचा तालावर मारामारी करायला लावणारा सुंदर गेम. टँगोची मालकी मायक्रोसॉफ्टकडे होती. मे महिना उजाडला आणि मायक्रोसॉफ्टने तो स्टुडिओ बंद करायचं जाहीर केलं. पुढे ऑगस्टमध्ये कोरियाच्या क्राफ्टन या गेम कंपनीने तो उचलला, हे त्या लोकांचं नशीब.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. 'वेन्बा' आमच्या घरी आला तो मायक्रोसॉफ्टच्याच महिन्याच्या वर्गणीतून. वेगळे पैसे मोजून इडलीचा गेम मी घेतला नसता. मोठी कंपनी छोटी गोष्ट घरोघरी पोचवू शकते, हे खरंच आहे. पण दारं इतकी कमी झाली की कुठली गोष्ट आत येणार हे मोजकी माणसं ठरवतात, आणि मला भीती त्याची वाटते. सप्टेंबर 2025 मध्ये ईए, म्हणजे इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही मोठी गेम कंपनी, विकली जाणार असल्याची बातमी आली, 5,500 कोटी डॉलरना, आणि घेणाऱ्यांत सौदी अरेबियाचा सरकारी निधी. त्यातले सुमारे 2,000 कोटी कर्जाचे. ईएचा बायोवेअर हा स्टुडिओ इथल्याच, कॅनडातल्या एडमंटनचा. 2009 च्या 'ड्रॅगन एज' या गेममध्येच त्याने पुरुषाचं पुरुषावर, बाईचं बाईवर प्रेम असू शकतं हे सहज दाखवलं होतं. कर्ज फेडायचं असलेला मालक आधी जपून वागतो, आणि जपून वागणं म्हणजे अशा गोष्टींना कात्री, असं मला वाटतं.

आमच्या ओळखीतला एक मुलगा इथल्या एका स्टुडिओत टेस्टर, म्हणजे गेम खेळून त्यातले दोष शोधणारा, होता, कुठल्या ते लिहीत नाही. विलीनीकरण झालं, दोन टीम कशाला म्हणून सकाळच्या एका ईमेलमध्ये त्याचं काम गेलं. त्याच्या घरी गेले तेव्हा ऑफिसचं ओळखपत्र चपलांच्या कपाटाजवळच्या खिळ्याला तसंच लटकत होतं. त्याच्या आईने ते काढलं नव्हतं. "त्यालाच काढू दे," म्हणाली.

पुण्यातल्या वाचकांना मुद्दाम सांगते, नॉडिंग हेड्स गेम्स तुमच्याच शहरातली. 2020 चा त्यांचा 'राजी', हरवलेल्या भावाला शोधणाऱ्या मुलीचा, जगभर खेळला गेला. घरात गेम खेळणारं कुणी असेल तर तो घ्या, आणि विकतच घ्या. अशा स्टुडिओंना प्रत्येक प्रतीने फरक पडतो.

तो टेस्टर हल्ली शनिवारी आमच्याकडे येतो. लेक आता तेरा वर्षांचा झालाय, फुकट मिळणाऱ्या एका सॉफ्टवेअरवर उकडीच्या मोदकांचा गेम करतोय. आजीला व्हिडिओ कॉल लावून कळ्या कशा काढायच्या ते तीनदा विचारून झालं. गेल्या शनिवारी या टेस्टरदादाने लेकाला वही काढायला लावली आणि पहिल्या पानावर लिहून घेतलं: दोष 1, मोदक वाफेवर ठेवण्याआधीच कळ्या सुटतात.