भाचीसाठी काढलेली पुस्तकं

रविवार, रात्री

भाची यंदा नववीत गेली. परवा फोनवर म्हणाली, "मावशी, जादू-बिदू नको, खरं वाटेल असं काहीतरी वाचायला दे ना." आज दुपारी कपाटच उपसलं.

'शाळा' तर द्यायचंच, आणि आत्ताच. मिलिंद बोकीलांचा मुकुंद जोशीसुद्धा नववीतलाच. बाहेर आणीबाणी चालू आहे, पण त्याचा जीव अडकलाय शिरोडकरमध्ये. सुऱ्या, चित्र्या, फावड्या आणि तो त्या अर्धवट बांधलेल्या इमारतीत बसून जे बोलतात, ते शिव्यांसकट पुस्तकात आलंय. ताईच्या कपाळाला आठ्या पडतील. पडू देत. पोरांची भाषा गुळगुळीत केली असती, तर मुकुंदची तगमगही खोटी वाटली असती.

'पाडस' हातात घेतलं आणि तासभर तिथेच बसून राहिले. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांची ही १९३८ची कादंबरी राम पटवर्धनांनी मराठीत आणली. फ्लोरिडाच्या रानातलं गरीब घर. वडलांना साप चावतो, विष उतरवायला ते हरिणीला गोळी घालून तिचं काळीज वापरतात, आणि तिचं पोरकं पाडस त्यांचा मुलगा ज्योडी घरी आणतो. ते वाढतं आणि मक्याचे कोवळे कोंब खायला लागतं. ज्योडी पुन्हा पेरतो, कुंपण उंच करत नेतो, आणि ते तेवढंही उडी मारून ओलांडतं! इथे दुष्ट कुणीच नाही. मका गेला तर घर उपाशी राहणार, एवढंच. आईची गोळी नीट लागत नाही आणि शेवट ज्योडीलाच करावा लागतो. चौदा वर्षांच्या मुलीला हे झेपेल का, असं ताई विचारेल. झेपेल. या वयाची मुलं आपल्याला वाटतं त्याहून खूप काही पेलतात. फक्त वाचून रडली, तर लगेच समजूत काढायला कुणी जाऊ नये.

अरुण साधूंचं 'झिपऱ्या'ही ठेवलंय, मुंबईच्या लोकलमध्ये बूटपॉलिश करणाऱ्या पोरांचं. पण हे सगळे मुलगेच झाले की! म्हणून शांताबाई शेळक्यांनी मराठीत आणलेलं 'लिटल विमेन', म्हणजे 'चौघीजणी'. वडील आजारी पडल्यावर पैशांसाठी आपले लांब केस विकून येणारी ज्यो तिला भेटायलाच हवी.

शेवटी लंपन. प्रकाश नारायण संतांच्या या कथाच, कादंबरी नव्हे, पण ओळीने वाचल्या की पोरगा आपल्यासमोर मोठा होतो. त्याची कानडी वळणाची मराठी, ऊठसूट येणारं 'मॅड' आणि कशालाही लावलेले ते हजारांतले आकडे तिच्या तोंडी बसणार, नक्की. 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा' पिशवीत भरली. 'झुंबर' मागे ठेवलं. त्यात लंपनचे बाबा जातात, आणि आधीची तिन्ही वाचून त्यांची ओळख झाल्याशिवाय ते वाचायचं नाही. तिचं तिथवर झालं की मीच घेऊन जाईन.